मराठवाड्याच्या उन्हात इन्स्टंट फिल्म : रंग आणि उजेड सांभाळून फोटो कसा काढायचा

इन्स्टंट फिल्मचं प्रत्येक पान म्हणजे एक छोटी डार्करूम असते. रसायनं, रंग, कागद सगळं त्या एका पानात बंद असतं. फोटो तुमच्या हातात, त्या क्षणी जे तापमान असेल त्यात तयार होतो. स्टुडिओच्या डार्करूममध्ये रसायनाचं तापमान मोजून राखता येतं, इथे ते हवेवर सोडलेलं असतं. मे महिन्यात लातूर-नांदेडकडे दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पौषातल्या पहाटे १० च्या आसपास उतरतो. अशा मुलखात फिल्म कुठे ठेवली, किती वाजता वापरली आणि बाहेर आलेला फोटो पहिली दोन मिनिटं कुठे होता, यावर निम्मा निकाल ठरतो. उरलेला निम्मा उजेड कसा धरला यावर.

इथे मुख्य बोलणं फुजीफिल्म कंपनीच्या इन्स्टॅक्स मिनी कॅमेऱ्याबद्दल आहे, कारण आपल्याकडे भेट म्हणून, लग्नात, कॉलेजच्या सहलीत तोच कॅमेरा जास्त दिसतो. दुसऱ्या कंपनीचा पोलरॉइड जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे.

कोणती फिल्म, कोणत्या ऋतूत

इन्स्टॅक्स मिनीचं पान ८६ × ५४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एटीएम कार्डाएवढं. त्यातलं प्रत्यक्ष चित्र ६२ × ४६ मिलिमीटरचं. इन्स्टॅक्सच्याच स्क्वेअर या चौरस फिल्मचं चित्र ६२ × ६२ आणि वाइड या रुंद फिल्मचं ९९ × ६२. एका पॅकमध्ये १० पानं येतात आणि फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेडाला किती चटकन दाद देते ते, आयएसओ ८००. पोलरॉइडच्या आय-टाइप आणि ६०० फिल्मच्या पॅकमध्ये मात्र ८ च पानं असतात. चित्र मोठं, साधारण ७९ मिलिमीटर चौरस. ६०० च्या पॅकमध्येच बॅटरी असते, आय-टाइपमध्ये नसते. जुन्या ६०० कॅमेऱ्यात आय-टाइपचा पॅक घातला तर कॅमेरा चालूच होत नाही. जुना कॅमेरा आणि ऑनलाइन मागवलेली फिल्म यांची अशी चुकामूक फार होते, म्हणून डब्यावरचं नाव दोनदा वाचा.

तापमानाच्या बाबतीत या दोघांत मोठी तफावत आहे. इन्स्टॅक्सचा फोटो ५ ते ४० अंशांच्या दरम्यान सुमारे ९० सेकंदांत दिसू लागतो. पोलरॉइडला १३ ते २८ अंश हवेत आणि रंगीत फोटोला १०-१५ मिनिटं लागतात. तापमान २८ च्या वर गेलं की चित्रावर पिवळसर-गुलाबी झाक येते, १३ च्या खाली गेलं की चित्र निळसर आणि फिकट होतं. आता आपलं वर्ष डोळ्यासमोर आणा. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दिवसा बाहेर २८ अंश मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून सल्ला सरळ आहे: पोलरॉइड कार्तिक ते माघ वापरा, किंवा उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत. उन्हाळ्याच्या लग्नसराईला आणि जत्रेला इन्स्टॅक्स. पोलरॉइडचे रंग अधिक मऊ, तैलचित्रासारखे येतात हे खरं, पण चाळीस अंशांत ते जपता येत नाहीत.

पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांनी १९४७ मध्ये एका मिनिटात फोटो देणारी पद्धत दाखवली आणि १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या एका दुकानात तो कॅमेरा विकायला आला. १९७२ च्या एसएक्स-७० कॅमेऱ्यापासून काहीही न सोलता, न पुसता आपोआप उमटणारं पान आलं. २००८ मध्ये पोलरॉइडने फिल्म बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समधला तिचा शेवटचा कारखाना काही जाणकारांनी हाती घेतला आणि २०१० मध्ये नव्याने रसायन जुळवून फिल्म बाजारात आणली. आजची पोलरॉइड फिल्म तिथूनच आली आहे. उजेड आणि उष्णता या दोन्हींना ती इतकी नाजूक का, याचं एक कारण या नव्या जुळणीत आहे. इन्स्टॅक्स मिनी १९९८ पासून आहे आणि तिची फिल्म सलग बनत राहिली.

पानाच्या आत काय घडतं

पांढऱ्या चौकटीच्या एका कडेत रसायनाची बंद पुडी असते. शटर दाबल्यावर पान दोन पोलादी रोलरमधून दाबलं जात बाहेर येतं. तेवढ्यात पुडी फुटते आणि आतली अल्कधर्मी पेस्ट पानाच्या थरांमध्ये अतिशय पातळ, एकसारखी पसरते. निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडाला दाद देणारे वेगवेगळे थर असतात. कुठे किती उजेड पडला त्यानुसार रंगद्रव्य चित्राच्या थराकडे सरकतं. ठरावीक वेळाने दुसरा एक आम्लधर्मी थर अल्कलीचा जोर मोडतो आणि क्रिया थांबते.

एवढं लक्षात घेतलं की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतात. थंडीत रंगद्रव्य पुरेसं सरकण्याआधीच क्रिया मंदावते, म्हणून चित्र फिकं राहतं. उष्णतेत सगळे थर एका वेगाने धावत नाहीत, म्हणून रंग एका बाजूला झुकतो. रोलरवर धूळ असेल तर पेस्ट त्या जागी नीट पसरत नाही आणि ठिपका राहतो. फोटो हलवून काही लवकर येत नाही, कारण वाळवायला बाहेर ओलं काही नसतंच. उलट पान वाकलं तर आतले थर सुटून भेगा किंवा डाग पडतात. फोटो झटकायची सवय ज्या घरात आहे तिथे पहिल्याच पॅकला ती सोडवावी.

पान कधीही कात्रीने कापू नका. आतली पेस्ट त्वचेला आणि डोळ्याला अपायकारक असते. लहान मूल पान चावत असेल तर लगेच काढून घ्या. हाताला पेस्ट लागलीच तर भरपूर पाण्याने धुवा.

विकत घेताना आणि घरी ठेवताना

डब्यावरची मुदत बघा. मुदत बाकी असली तरी तो डबा दुकानाच्या काचेच्या कपाटात, दुपारच्या उन्हात महिनोन्महिने मांडलेला नव्हता ना, हेही बघा. डब्याचा रंग एका बाजूने उडालेला दिसला की तो पॅक सोडून द्या. ऑनलाइन मागवायचं असेल तर वर्षाची फिल्म डिसेंबर-जानेवारीत मागवून ठेवणं शहाणपणाचं. एप्रिलमध्ये मागवलेलं पार्सल पत्र्याच्या गोदामात आणि टेम्पोत दोन-दोन दिवस तापतं.

घरी आल्यावर चांदीसारखी पिशवी न फोडता डबा फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात किंवा दाराच्या खणात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, पेस्ट गोठली की पुडी आणि पसरण दोन्ही बिघडतात. डबा एका झिपच्या पिशवीत घाला, म्हणजे लाइट जाऊन फ्रिजला पाणी सुटलं तरी ओल लागत नाही. वापरायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी फोडा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत हे विसरलं तरी एखाद वेळ निभतं, पण आषाढ-श्रावणात गार पॅकवर लगेच दव धरतं आणि पानं एकमेकांना चिकटतात.

पिशवी फोडलेला पॅक दोन-तीन महिन्यांत संपवा. सणाला दोन फोटो, वाढदिवसाला एक असं करत कॅमेऱ्यातच वर्षभर राहिलेल्या पॅकचे शेवटचे फोटो मळकट येतात आणि मग फिल्मच वाईट असा समज होतो.

प्रवासात फ्रिज नसतो. उन्हात उभी केलेली बंद गाडी आणि मोटारसायकलची डिक्की या दोन जागा फिल्मला सगळ्यात घातक. तिथे तासाभरात बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. शेतावर किंवा जत्रेत दिवसभर राहायचं असेल तर पॅक झिपच्या दोन पिशव्यांत, त्यावर सुती टॉवेल, मग स्टीलचा डबा, आणि डब्याभोवती ओलं गोणपाट. पाण्याच्या कॅनभोवती आपण गुंडाळतो तसंच. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी असल्यामुळे गोणपाटातलं पाणी भराभर उडतं आणि डबा बराच गार राहतो. गोणपाट दर तासाला ओलं करा, डबा लिंबाच्या सावलीत ठेवा. कॅमेऱ्यात पॅक असेल तर कॅमेराही त्याच सावलीत.

विमानाने जायचं असेल तर फिल्म हातातल्या पिशवीत घ्या. मोठ्या बॅगांच्या तपासणीतले क्ष-किरण वेगवान फिल्मवर धूसर पडदा चढवतात.

पॅक भरणं

सावलीत बसून करा. मिनी कॅमेऱ्यात नव्या दोन एए अल्कलाइन बॅटऱ्या घाला, जुनी-नवी जोडी लावू नका. कमजोर बॅटरीवर रोलर अडखळतात, आणि अडखळलेल्या पानावर आडवा पट्टा उमटतो. साधारण १० पॅक एका जोडीत होतात. मोठ्या कार्यक्रमाला निघताना जोडी बदलूनच निघा.

पॅक दोन्ही बाजूंनी धरा. पाठीमागे दोन चौकोनी भोकं असतात, तिथे अंगठा दाबू नका, आतली पानं सरकतात. पॅकवरची पिवळी रेघ आणि कॅमेऱ्याच्या आतली पिवळी खूण समोरासमोर आणून पॅक बसवा आणि झाकण टक् आवाज येईपर्यंत लावा. मोजणीच्या खिडकीत एस दिसेल. शटर एकदा दाबा, काळं आवरण बाहेर येईल. तो बिघडलेला फोटो नव्हे, पॅकचं झाकण आहे. आता खिडकीत १० दिसेल.

यानंतर शेवटचं पान संपेपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही. किती उरले बघायला म्हणून मुलं उघडतात. वरचं पान तर पूर्ण जातंच, खालच्या पानांच्या कडांवरही पांढरी झळ येते. झाकणावर आडवी चिकटपट्टी लावून ठेवणं हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

उजेड : इथेच सगळं कमावलं किंवा गमावलं जातं

मोबाइलमध्ये आकाशही दिसतं आणि झाडाखालचा चेहराही दिसतो. इन्स्टंट फिल्मला हे जमत नाही. उजळ आणि गडद यांच्यातलं फार थोडं अंतर ती सामावून घेते. जुन्या स्लाइड फिल्मसारखंच. त्या अंतराबाहेर जे उजळ ते सपाट पांढरं, जे गडद ते सपाट काळं. त्यामुळे फोटो काढण्याआधी डोळे बारीक करून बघा. बारीक डोळ्यांना जे पांढरं आणि काळं असं तुटून दिसतं, तसंच ते पानावर येणार.

आपल्याकडचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर विषय घ्या: पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचे आजोबा. दुपारी अंगणात उभं केलं तर धोतर आणि सदरा एक पांढरा ठिगळ होतो आणि टोपीच्या सावलीत चेहरा गायब. घराच्या अंधाऱ्या दारात उभं केलं तर उलट बिघडतं. कॅमेरा मागचा अंधार बघतो, जास्त उजेड आत घेतो, आणि टोपी-सदरा जळून जातो. चुना लावलेल्या भिंतीपुढे उभं केलं तर कॅमेरा सगळीकडे पांढरं बघून उजेड कमी घेतो, सदरा करडा होतो, चेहरा काळवंडतो.

जमतं ते असं. ओसरीच्या अगदी कडेला, ऊन अंगावर येणार नाही पण समोर मोकळं अंगण असेल असं बसवा. तोंड अंगणाकडे. मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर आणि टोपीखालीही पोचतो. पाठीमागे मातीने लिंपलेली किंवा दगडी भिंत, अंगापासून एखाद्या हातावर. मातीचा रंग मधला असतो, कॅमेऱ्याचा अंदाज चुकत नाही. तुम्ही दीड मीटरवर, म्हणजे दोन पावलांवर. टोपी कपाळावरून बोटभर मागे सारायला सांगा. फ्लॅश उडेल तो इथे हवाच आहे: डोळ्यांत एक बारीक चमक देतो आणि सुरकुत्यांमधली सावली थोडी भरतो. चेहरा चौकटीचा निदान तिसरा भाग व्यापेल इतकं जवळ जा, कारण ४६ मिलिमीटर रुंदीत पूर्ण उभा माणूस बसवला तर चेहरा तुरीच्या दाण्याएवढा होतो.

काही मॉडेलमध्ये उजेड कमी-जास्त करायचं बटण असतं, एल (उजळ) आणि डी (गडद). नियम पाठ करून ठेवा: पार्श्वभूमी फार उजळ असेल तर एल, फार गडद असेल तर डी. उलटं वाटतं, पण कॅमेरा पार्श्वभूमीने फसतो आणि आपण त्याची फसगत उलटी फिरवतो.

मिनी ११ आणि मिनी १२ मध्ये फ्लॅश प्रत्येक वेळी उडतो, बंद करता येत नाही. मिनी १२ मध्ये त्याची पोच सुमारे ३० सेंटीमीटर ते २.२ मीटर, म्हणजे जास्तीत जास्त तीन पावलं. त्यापलीकडे रात्री काहीच येत नाही. यात्रेच्या रात्री दूरच्या पालखीचा काढलेला फोटो काळाच येणार, तो मोह टाळा. पालखीसमोर दोन पावलांवर उभी असलेली माणसं घ्या. आणि मीटरभराच्या आत चेहरा असेल तर अंधारात तो चुन्यासारखा पांढरा येतो. रात्रीच्या फोटोला दीड ते दोन मीटर हेच अंतर धरा.

फिल्म दिवसाच्या उजेडासाठी जुळवलेली आहे. पिवळ्या बल्बखाली सगळं नारिंगी आणि जुन्या ट्यूबलाइटखाली हिरवट येतं. फ्लॅशच्या टप्प्यात चेहरा असला की तो बराच सावरतो, मागचा मंडप मात्र पिवळा राहील. त्याला हरकत नाही, लग्नाच्या फोटोत तो पिवळेपणा ऊबदार दिसतो.

जवळचा फोटो, म्हणजे ३० ते ५० सेंटीमीटरवरचा, क्लोज-अपच्या सोयीशिवाय काढू नका, धूसर येईल. शिवाय जुन्या मॉडेलमध्ये डोळा लावायची खिडकी आणि लेन्स यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर असतं, त्यामुळे चित्र एका बाजूला सरकतं. उपाय सोपा: खिडकीतून चौकट नीट जमवा, मग कॅमेरा न वळवता तेवढाच सरकवा, म्हणजे खिडकी जिथे होती तिथे लेन्स येईल. आता शटर दाबा. पैठणीच्या पदरावरचा मोर घ्यायचा तर हाच मार्ग. पदर सपाट समोर धरला की जर फ्लॅश परत फेकते आणि मोर पांढरा होतो. कापड थोडं तिरकं धरलं की जरीची चमक बाजूला जाते आणि मोराचा हिरवा-जांभळा रंग उतरतो.

कुठे, किती वाजता

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी ती सावलीत आणि दुपारनंतर उजेडात. कैलास लेणं तर खडकात खाली कोरलेलं, तिथे एका कोपऱ्यात लख्ख ऊन आणि शेजारी काळी सावली अशी अवस्था असते. इन्स्टंट फिल्मला अर्धं-अर्धं चालत नाही. एक तर पूर्ण उन्हातला हत्ती किंवा स्तंभ घ्या, नाही तर पूर्ण सावलीतली भिंत. माणसांसह हवा असेल तर माणसं सावलीत कॅमेऱ्यापासून दोन पावलांवर आणि मागे सावलीतलंच शिल्प. मंगळवारी वेरूळ बंद आणि सोमवारी अजिंठा, हे ठरवतानाच बघा.

अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. ज्या कॅमेऱ्याचा फ्लॅश बंदच होत नाही तो आत बाहेर काढायचाच नाही. फ्लॅशवर बोट ठेवून काढू, असा विचार करू नका. बोट सरकलं तर दीड हजार वर्षांच्या रंगांवर झोत जातो, आणि नाही सरकलं तरी तेवढ्या अंधारात अर्ध्या सेकंदाचं शटर हातात हलून चित्र पुसट येतं. पान बाहेरच्या नालाकृती दरीसाठी राखून ठेवा.

बीबी का मकबरा पांढरा. पावसाळ्यातल्या भुरकट ढगांपुढे घुमट आणि आकाश एक होऊन जातात. हिवाळ्यात, निळं आकाश असताना, सकाळी नऊच्या आत आणि सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवून काढा, मग घुमटाची कड सुटी दिसते.

सगळ्यात चांगला उजेड मात्र कोणत्या स्मारकावर नाही, येळवसेच्या सकाळी शिवारात मिळतो. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला माणसं शेतात कडब्याची कोपी करून पूजा करतात, भज्जी-आंबील खातात. सूर्य दक्षिणेकडे कललेला, दिवसभर तिरकाच असतो. ज्वारी उभी असते आणि तिच्या पानांवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर येतो. कोपीच्या तोंडाशी, आत नव्हे, माणसं बसवा. सकाळी गारठा असेल तर बाहेर आलेलं पान लगेच बंडीच्या आतल्या खिशात, न वाकवता, दीड-दोन मिनिटं ठेवा. अंगाच्या उबेने रंग गडद येतात. तेच पान गार बांधावर ठेवलं तर दुधाळ येईल.

उन्हाळ्यात नेमकं उलट. पान बाहेर आलं की उन्हातून हलवा आणि सावलीतल्या फरशीवर सपाट ठेवा. तापलेल्या गाडीच्या बोनेटवर किंवा माळवदावर नाही. पोलरॉइड असेल तर पहिले पाच-सहा सेकंद कॅमेऱ्याच्या काळ्या पडद्याखालीच राहू द्या, मग उलटं करून डब्यात किंवा पिशवीत झाका. त्या फिल्मला बाहेर आल्यानंतरही काही काळ उजेड बाधतो.

लग्नात वहीसाठी फोटो काढायचे असतील

पाहुण्यांच्या सह्यांच्या वहीत फोटो चिकटवायची पद्धत आता तालुक्याच्या गावांतही आली आहे. हिशोब असा धरा: पॅकच्या किमतीला १० ने भागलं की एका फोटोचा खर्च. ६० फोटोंची वही करायची तर ६ पॅक आणि वाया जाणाऱ्यांसाठी १ जास्त. सगळ्या पंगतीचे फोटो काढायला निघू नका, घरटी एक ठरवा.

मंडपात एक जागा कायम करा. मागे मधल्या रंगाचा, न चमकणारा कपडा, जमिनीवर दोन खुणा: एक पाहुण्यांची, एक तुमची, मध्ये १.५ मीटर. मिनीत तीनच माणसं नीट बसतात, चौघं-पाच जण असतील तर वाइड हवा. प्रत्येक फोटोनंतर फ्लॅशचा दिवा पुन्हा तयार होईपर्यंत थांबा. घाईत दाबलेलं दुसरं शटर दबतच नाही आणि पाहुणे ताटकळतात. सगळे पॅक एकदम मंडपात आणू नका. एक कॅमेऱ्यात, एक हाताशी, बाकीचे घरातल्या गार खोलीत.

ज्यांना फोटो वाया जाण्याची धास्ती आहे त्यांनी मोबाइलवरून इन्स्टॅक्सच्या पानावर छापणारा छोटा प्रिंटर घ्यावा. चित्र आधी बघून निवडता येतं. पान तेच, रसायन तेच, फक्त उजेड लेन्समधून न येता प्रिंटरच्या आतून पडतो. मिनीच्या प्रिंटरचा तपशील ८०० × ६०० बिंदूंचा, त्या आकाराला तो पुरतो. तरी लेन्समधून आलेल्या फोटोतली खोली आणि थोडी अनिश्चिती त्यात नसते, आणि ज्यांना ती आवडते त्यांना फरक लगेच कळतो. त्या फोटोची निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत नसते. वहीत चिकटवलेलं ते पान म्हणजेच तो फोटो. लोक त्याला जपतात ते त्यामुळे.

बिघाड ओळखणं

पूर्ण पांढरं पान आलं तर उजेड फार पडला किंवा झाकण उघडलं गेलं. पूर्ण काळं आलं तर उजेड पोचलाच नाही: लेन्सवर बोट, किंवा रात्री माणूस फ्लॅशच्या टप्प्याबाहेर. एका कडेला पांढरी झळ म्हणजे झाकण. सारख्या अंतराने तोच ठिपका परत परत दिसतो तो रोलरचा मळ, कारण रोलर फिरून त्याच जागी येतो. पोलरॉइडमध्ये फिल्मचं दार उघडल्यावर रोलर दिसतात. ते ओलसर सुती कापडाने, बाजूच्या चाकाने हळू फिरवत पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पॅक घाला. प्रत्येक पॅकनंतर हे करायची सवय ठेवा. मिनीत ते आत असतात, तिथे पॅक संपल्यावर फुंकणीने धूळ काढण्यापलीकडे काही करू नका, चिमटा किंवा काडी घालू नका.

कोपऱ्याशी चित्र भरलंच नाही, कोरी पाचर राहिली, तर पेस्ट शेवटपर्यंत पोचली नाही. पॅक जुना आहे, गार आहे किंवा पान बाहेर येताना बोटाने अडवलं गेलं. सगळंच करडं, काळा रंग काळा नाही, असं असेल तर फिल्म कधीतरी तापलेली आहे. तो पॅक टाकू नका, मऊ सावलीतल्या साध्या फोटोंसाठी वापरून संपवा. उन्हात तो आणखी वाईट दिसेल.

फोटो टिकवणं

फोटो पूर्ण झाला तरी आतली ओल सुटायला काही दिवस लागतात, म्हणून लगेच हवाबंद पाकिटात कोंबू नका. गरम लॅमिनेशन तर कधीच नाही, पानाचे थर उकळल्यासारखे फुगतात. नाव-तारीख लिहायची तर पांढऱ्या कडेवर कायम शाईच्या मार्करने. बॉलपेनने दाबून लिहिलं की पुढून ओरखडा दिसतो. देवघराशेजारी किंवा खिडकीसमोर लावलेला फोटो वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो. वहीत, अंधारात ठेवलेला रंग धरून राहतो. पावसाळ्यात वहीच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि नवरात्राच्या आधी एकदा वही उघडून वारा लागू द्या.

चांगला आलेला फोटो त्याच आठवड्यात स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, काच पुसून. स्कॅनर नसेल तर फोटो सावलीत टेबलावर सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वर धरा, खिडकी बाजूला येऊ द्या आणि अंगावर गडद रंगाचे कपडे घाला, म्हणजे तुमचं प्रतिबिंब पानाच्या चमकदार पृष्ठभागावर उमटत नाही.